इअरफोन घेताना आधी वायर बघा: दोन-अडीच हजारांच्या आत, वायर बदलता येणारे इन-इअर



मोबाईल ॲक्सेसरीजच्या काउंटरवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात इअरफोनचा विषय दोन मिनिटांत उरकला होता, कारण वेळ कव्हर आणि चार्जरवरच गेला. आज तोच विषय नीट घेऊ. तुमच्यातले काही जण स्वतःच्या कामासाठी इअरफोन शोधताय: ऑनलाइन क्लास, कस्टमरचे कॉल, रील एडिटिंग. काहींना दुकानात माल ठेवायचाय. दोघांनीही सगळ्यात आधी वायर बघायची आहे.

आपण उलटं करतो. बॉक्सवरचा ‘एक्स्ट्रा बास’ बघतो, रंग बघतो, ऑफर बघतो. पण साताऱ्यातल्या माझ्या काउंटरवर बंद पडलेला इअरफोन घेऊन येणारं गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘दादा, एका कानातून आवाज येत नाही.’ आणि जॅकजवळ वायर थोडी वाकवली की आवाज येतो, सोडली की जातो. म्हणजे आवाज काढणारा भाग, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो ठणठणीत आहे. मेलीये ती वायर.

वायर तुटायच्या जागाही ठरलेल्या आहेत. एक जॅकची मान. दुसरी, जिथे एका वायरीच्या दोन होतात ती जागा. तिसरी, वायर कानातल्या तुकड्यात शिरते तिथे. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात, त्या रोज वाकून वाकून एकेक तुटत जातात. एसटीच्या सीटमध्ये वायर अडकून बसलेला एक हिसका असला की उरलेल्याही गेल्या. जॅकपाशी तुटली तर रिपेअरवाला नवा जॅक डाग देऊन लावतो. पण कानातल्या तुकड्यापाशी तुटली तर तो तुकडा गमने चिकटवलेला असतो, उघडताना फुटतो. मग आठशे रुपयांचा चांगला इअरफोन एका तारेपायी कचऱ्यात.

स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हे परवडत नाही. कार्यक्रम चालू असताना वायर गेली तर दोन मिनिटांत बदलता आली पाहिजे. म्हणून त्यांच्या इन-इअर मॉनिटरला वायर वेगळी, पिनने लागणारी असते आणि ती कानावरून मागे वळवून घेतात, म्हणजे हिसका थेट पिनवर बसत नाही. शुअर कंपनीचा एसई२१५ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. तो आपल्या बजेटच्या बराच वर आहे. पण गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी हीच पद्धत हजार-दोन हजारांत आणली, आणि आपल्यासारख्यांसाठी खरा फरक तिथे पडला.

आता पैशाचा हिशेब. समजा तुम्ही चारशेचा साधा इअरफोन घेता आणि तो सहा महिने टिकतो. तीन वर्षांत सहा इअरफोन, चोवीसशे रुपये. दुसरीकडे अठराशेचा वायर बदलता येणारा घेतला आणि तीन वर्षांत साडेचारशेची एक वायर बदलली, तर साडेबावीसशे. म्हणजे दीडशे रुपयांचा फरक. ‘हजारो रुपये वाचतील’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, तसं होत नाही. फायदा असा, की जवळपास त्याच पैशात तुम्ही तीन वर्षं अठराशेच्या दर्जाचा आवाज ऐकता, आणि कस्टमरच्या कॉलच्या मध्यात इअरफोन गेला तर नवा शोधत फिरावं लागत नाही, ड्रॉवरमधली दुसरी वायर लावायची.

ब्लूटूथ बड्सचं काय? माझ्या दुकानात तेच जास्त विकले जातात, खोटं कशाला बोलू. प्रवासात, जिममध्ये सोयीचे आहेत. पण त्यांच्यात बारीक लिथियम बॅटरी असते, ती वापरानुसार दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेक मॉडेलमध्ये बदलता येत नाही. शिवाय एडिटिंग करताना ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, हा त्रास ब्लूटूथवर होतो, वायरवर नाही.

पिन कोणती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

‘वायर निघते’ एवढ्यावर खूश व्हायचं नाही. कोणती पिन आहे ते महत्त्वाचं, कारण उद्याची वायर त्यावरून मिळणार आहे.

पहिला प्रकार टू-पिन. दोन बारीक सुया, कानातल्या तुकड्यात दोन भोकं. यातली सगळ्यात जास्त चालणारी जाडी ०.७८ मिमी. मूनड्रॉप चू २, सेव्हनहर्ट्झ झीरो २ यांना हीच आहे. वायर सहज मिळते, कोणत्याही कंपनीची चालते.

दुसरा प्रकार टू-पिनच, पण ०.७५ मिमीचा. केझेड आणि सीसीए यांच्या बऱ्याच मॉडेलांना सॉकेट थोडं बाहेर आलेलं असतं आणि वायरीचं टोक टोपीसारखं त्यावर बसतं. इथे लोक फसतात. ०.७८ ची पिन यात जोर लावून बसते, पण सॉकेट सैल पडतं किंवा तडकतं. टोपीचा आकार जुळला नाही तर पिन उघडी राहते आणि धक्क्याने वाकते. या कंपन्यांचा माल वाईट आहे असं नाही, हजाराच्या आत तो चांगलाच चालतो. फक्त वायर मागताना मॉडेलचं नाव सांगूनच मागा.

तिसरा एमएमसीएक्स. गोल, टिचकन बसणारा, टीव्हीच्या केबलच्या पिनचा बारीक भाऊ समजा. शुअर एसई२१५ ला हाच आहे. तो बसल्यावर गोल फिरतो, त्यामुळे वायर पीळ खात नाही, हा त्याचा गुण. दोषही तोच: फिरून फिरून आतला संपर्क झिजतो आणि कधीतरी खरखर सुरू होते. सारखी काढ-घाल केली तर लवकर.

माझं मत विचाराल तर पहिला इअरफोन ०.७८ टू-पिनचाच घ्या. आणि वायर निघते म्हणून रोज काढून बघू नका. ती गरज पडली तरच काढायची असते. टू-पिन काढताना दोन्ही तुकडे सॉकेटजवळ धरून सरळ ओढायचं, पिळायचं नाही, वायरीला धरून तर अजिबात ओढायचं नाही. एमएमसीएक्सला फटीत नख घालून टिचकन उघडायचं.

टू-पिन वायर उलटी बसवता येते, हेही लक्षात ठेवा. दोन्ही बाजू एकसारख्या उलट्या असतील तर फारसं कळत नाही. पण एकच बाजू उलटी बसली तर गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता पोकळ, पसरल्यासारखा येतो आणि बास गायब होतो. ‘नवीन वायर खराब निघाली’ म्हणून परत आलेला माल आधी हे बघून घ्या. कानावरून वळणाऱ्या वायरीला दोन्ही बाजूंचा बाक कानामागे गेला की पिन बरोबर बसलीय असं समजा.

आवाज आणि बसणं

बॉक्सवर ‘दहा ड्रायव्हर’ लिहिलंय म्हणून आवाज दहापट चांगला होत नाही. एक चांगला डायनॅमिक ड्रायव्हर नीट ट्यून केलेला असेल तर तो चार स्वस्त ड्रायव्हरना भारी पडतो. ‘हाय-रेस’चं सोनेरी स्टिकर म्हणजे तो इअरफोन ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज काढू शकतो, असा दावा. माणसाचा कान ऐकतो साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि वय वाढेल तसं तेही कमी होतं. मग त्या स्टिकरचे पैसे का द्यायचे?

ऐकून बघायची संधी असेल तर माहितीचं गाणं लावा. मी ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ लावतो. त्यात व्हायोलिनचा ताफा आहे. ती व्हायोलिनं कानाला टोचली तर इअरफोन तिखट आहे, सगळं एकात एक मिसळलं तर बास फुगवलेला आहे. मग लताबाईंचं एखादं जुनं गाणं, फक्त आवाजासाठी. आणि शेवटी स्वतःच रेकॉर्ड केलेलं बोलणं. तुमचं काम कॉल आणि व्हिडिओचं असेल तर ही तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे लागत असतील तर दोन तास घालून बसवत नाही.

ऐकायची सोय नसेल तर मोजमापाचे आलेख बघा. स्क्विग.लिंक या साइटवर शेकडो इन-इअरचे आलेख फुकट आहेत, दोन मॉडेल एकावर एक ठेवून बघता येतात. सुरुवातीला काही कळत नाही. तुमच्याकडे असलेल्या एखाद्या इअरफोनचा आलेख सापडला तर त्याच्याशी नवीन ताडून बघा, मग लगेच डोक्यात बसतं.

आता एक फुकटातली गोष्ट. बॉक्समध्ये रबराच्या टोप्यांचे तीन साइज असतात आणि बहुतेक लोक मधली लावलेलीच वापरतात. टोपी कानात घट्ट बसली नाही तर बास गळून जातो आणि माणूस म्हणतो, ‘आवाजच पातळ आहे.’ तिन्ही साइज लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळा साइज लागणंही अगदी सामान्य आहे. नीट बसला की बाहेरचा आवाजही कमी येतो, मग व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. दिवसभर कॉलवर बसणाऱ्याने हे डोक्यात ठेवावंच.

माइक आणि फोनचा जॅक

हेच मॉडेल माइकवालं आणि बिनमाइकवालं असं दोन प्रकारांत येतं, फरक शंभर-दोनशेचा. कॉलसाठी घेताय तर माइकवालं मागा. चुकून बिनमाइकवालं आलं तरी नंतर माइकची वायर लावता येते, हीच तर गंमत आहे. जॅकवर काळ्या रिंग मोजा: दोन असतील तर बिनमाइक, तीन असतील तर माइक.

आयफोनमधून ३.५ मिमीचा जॅक २०१६ साली, आयफोन ७ पासून गेला. अँड्रॉइडमध्येही आता बऱ्याच फोनना तो नाही. मग दोन रस्ते. एक, टाइप-सीचा छोटा डोंगल. दुसरा, एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला टू-पिन असलेली वायर. दोन्हीत एकच गोष्ट बघायची: आत डॅक आहे का. डॅक म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप. पन्नास-साठ रुपयांच्या काही डोंगलमध्ये ती नसते, नुसती तार जोडलेली असते. तो डोंगल काही फोनवर चालतो, काहींवर ढिम्म. गिऱ्हाईक म्हणणार, ‘इअरफोन खराब दिला.’ डॅकवालाच घ्या, डॅकवालाच विका. हे इन-इअर चालवायला वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज नसते, त्यावर पैसे घालू नका.

दुकानात ठेवायचे असतील तर

आता ज्यांना विकायचेत त्यांच्यासाठी. पंचवीस हजार घेऊन काउंटर सुरू करणाऱ्याने सगळे पैसे इअरफोनमध्ये घालायचे नाहीत. या धंद्यात मॉडेल पटकन जुनं होतं. चू आलं, मग चू २ आलं. झीरो आलं, मग झीरो २ आलं. नवं आलं की जुन्याचा ऑनलाइन रेट पडतो आणि तुमच्या खरेदीच्या खाली जातो. मोबाईलवर रेट दाखवून गिऱ्हाईक उभं राहतं तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं.

वायर मात्र जुनी होत नाही. ०.७८ ची वायर कालच्या मॉडेलला चालते आणि उद्याच्याही.

आकडे घेऊन बघू, हे समजुतीसाठी आहेत, तुमच्या बाजारात वेगळे असतील. सहा इअरफोन दीड हजाराने घेतले, नऊ हजार गुंतले. साडेसतराशेला विकले तर एकामागे अडीचशे, सहाचे पंधराशे. बारा वायरी दोनशेवीसने घेतल्या, छब्बीसशे चाळीस गुंतले. चारशेला विकल्या तर एकामागे एकशे ऐंशी, बाराचे एकवीसशे साठ. नऊ हजारांवर पंधराशे आणि छब्बीसशेवर एकवीसशे! इअरफोनवर जीएसटी १८ टक्के आहे. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवर भरलेल्याचं क्रेडिट मिळत नाही, तेव्हा वरचा खरेदीचा रेट कर धरूनच लिहा.

म्हणून माझी मांडणी अशी: दोनच मॉडेल, दोन्ही ०.७८ पिनची, प्रत्येकी तीन नग. त्याच पिनच्या माइकवाल्या आणि टाइप-सी वायरी. रबरी टोप्यांची सुटी पाकिटं, कारण हरवलेल्या टोपीसाठी लोक येतात आणि कुठेच मिळत नाही. आठ-दहा डॅकवाले डोंगल. यात पंधरा-सोळा हजारांच्या वर जाऊ नका, बाकीचे हातात राहू द्या. पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरून या, पण पहिल्या खेपेला लॉट उचलू नका. एक-एक नग आणा, महिनाभर स्वतः वापरा.

कानात घालायची वस्तू आहे, त्यामुळे डेमोचा नग वेगळा ठेवा. प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच्यासमोर धुतलेली टोपी लावून द्या, नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. नळी खाली धरून पुसायची, नाहीतर स्पिरिट जाळीतून आत जातं.

बॉक्स हातात आला की बाजू वाचा. एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हे पॅकबंद मालावर असणं २०११ च्या वजनमापाच्या नियमांनी सक्तीचं आहे. आयातदाराचं नाव नाही म्हणजे वॉरंटी कोण देणार, हा प्रश्न तुमच्यावरच येऊन पडतो. स्वस्तात मिळतोय म्हणून असा माल काउंटरवर मांडला तर तपासणीतही तुम्हीच उभे राहणार.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावली की सुटलो असं वाटतं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. तेव्हा बिल द्या आणि त्यावर मुदत स्वतः लिहा. आवडला नाही म्हणून उघडलेला इन-इअर परत घेणार नाही, पण दोष असेल तर इतक्या दिवसांत बदलून देऊ, हे दोन्ही बिलावर वेगवेगळं असू द्या आणि पैसे घेण्याआधी तोंडानेही सांगा.

दोष आहे की नाही हे कळणार कसं? वायर बदलता येते याचा इथे फार उपयोग होतो. समजा डावीकडून आवाज येत नाही. कानातले दोन्ही तुकडे वायरीपासून काढा आणि अदलाबदल करून लावा. आता आवाज उजव्या कानातल्या तुकड्यातून गेला, म्हणजे तो वायरीच्या डाव्या बाजूबरोबर तिकडे गेला, तर वायर खराब. तुकडा बदलूनही तोच तुकडा गप्प, तर दोष त्यात. पण लगेच ड्रायव्हर मेला म्हणू नका, आधी नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून बघा. कानातल्या मळाने ती बुजलेली असते आणि आवाज दबतो. चू २ मध्ये ही जाळी आटे फिरवून बदलता येते, बाकीच्यांना मऊ ब्रशने साफ करावी लागते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात वापरणाऱ्यांच्या पिनवर हिरवट थर येतो, तोही पुसून बघा. बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाकून द्यायची, पैसा लागत नाही.

इअरफोन कानात घालताना आत बारीक ‘कट’ असा आवाज येतो, त्यावरूनही लोक परत येतात. कानात हवा दाबली जाऊन ड्रायव्हरचा पडदा हलतो, त्याचा तो आवाज आहे. बहुतेक वेळा बिघाड नसतो. कानाचा वरचा भाग किंचित मागे ओढून हळू घालायला सांगा.

नवीन स्टॉक आला की प्रत्येक नग उघडून ही तपासणी करायची नाही, सील तुटतं. लॉटमधला एक नग डेमोसाठी उघडा, त्यावर दोन्ही वायरी आणि डोंगल लावून बघा, आणि कोणती वायर कोणत्या मॉडेलला बसते याची चिठ्ठी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही जेवायला गेलात तरी दुकानातला पोरगा चुकीची पिन विकणार नाही.